कपाटातली बाराबोर आणि मोबाईलवरची रायफल

पत्र थोडक्यात असं: कोल्हापुरात बँकेत नोकरी करणाऱ्या एका ताईंची मुलगी आठवीत आहे. वर्षभरापासून ती क्लबमध्ये दहा मीटर एअर रायफल, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा मारणारी रायफल, शिकते. मुलगी डावखुरी. क्लबकडे डाव्या हाताची रायफल एकच आणि ती तिघांत फिरते, त्यामुळे सराव पुरत नाही. स्वतःची रायफल घ्यायची असं घरात ठरलंय. शहरातल्या शस्त्रविक्रेत्याने नव्या जर्मन रायफलीचा आकडा अडीच लाखांच्या पुढे सांगितला, वर मागवायला तीन-चार महिने. इकडे नवऱ्याला मोबाईलवर तीच कंपनी, तेच मॉडेल, ‘फक्त दोन वर्षं वापरलेलं’, १ लाख १० हजारांत सापडलं. विकणारा दुसऱ्या राज्यातला. निम्मे पैसे आधी, बिल हरवलंय, पार्सलवर ‘खेळाचं साहित्य’ लिहून कुरियरने पाठवतो म्हणतो. नवऱ्याचं उद्यमनगरात मशीन शॉप आहे. ‘काही बिघडलंच तर मी बघतो की’ हे त्यांचं म्हणणं. टेक्सासमधला दीर म्हणतो, ‘आमच्याकडे बंदुका सगळे ऑनलाइनच घेतात, तुम्ही कुठल्या जमान्यात आहात?’ ताईंना धाकधूक आहे. पण घरच्यांना वाटतं, आपण काही बंदुकीला नवखे नाही. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्यांची बाराबोर बंदूक अजून त्यांच्या कपाटात आहे, तिला कुणी हात लावत नाही. प्रश्न एवढाच: ऑनलाइन घ्यावी की दुकानातून?

ताई,

रायफलीचं नंतर बोलू. आधी ते कपाट.

सासऱ्यांच्या बाराबोरचा उल्लेख तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेला. घरात बंदुकीची सवय आहे, एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. मी मात्र तिथेच अडले. परवाना सासऱ्यांच्या नावाचा होता. बंदूक तुमच्या दृष्टीने घराण्याची असेल, पण परवाना माणसाचा असतो. ते गेल्यावर ती ताब्यात ठेवायचा हक्क घरातल्या कुणाकडेच उरला नाही, ना तुमच्या नवऱ्याकडे, ना सासूबाईंकडे. ‘कुणी हात लावत नाही’ याने काही फरक पडत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय बंदूक बाळगणं हाच गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. मग ती वापरा, नाहीतर मखमली खोळीत घालून दसऱ्याला पूजा करा.

तुम्हाला घाबरवायचा हेतू नाही. आपल्या जिल्ह्यात असं कपाट असलेलं तुमचं एकच घर नाही. संस्थानच्या काळापासून इथे शिकारीचा नाद. दाजीपूरचं जंगलसुद्धा १९५८ साली गव्यांचं अभयारण्य होण्याआधी महाराजांच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. त्यामुळे वाड्यांत, मळ्यांत, पाटलांच्या घरांत एकनळी-दोननळी असायचीच. म्हातारा माणूस असेपर्यंत सगळं शिस्तीत चालतं. निवडणूक लागली की आचारसंहितेत बंदूक जमा, निकालानंतर परत, मुदत संपत आली की नूतनीकरण. तो माणूस गेला की तेराव्यानंतर सातबारा, बँक खातं, विमा, पेन्शन सगळ्याची आठवण होते. बंदुकीची होत नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. सासऱ्यांचा मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला शोधा. बंदुकीवर कोरलेला नंबर परवान्यावरच्या नंबराशी जुळतोय का ते बघून घ्या. बंदूक भरलेली असू शकते असं धरूनच हे करा: नळी माणसांपासून दूर, बोट घोड्यापासून लांब, मुलं खोलीबाहेर. उघडायची कशी हे माहीत नसेल तर उघडायच्या फंदात पडू नका. काडतुसं असतील तर मोजून लिहून ठेवा. जुनी आहेत म्हणून पंचगंगेत टाकायची नाहीत आणि ‘चालते का बघू’ म्हणून मळ्यात बार काढायचा नाही. मग बंदूक घरातच ठेवून फक्त कागद घेऊन जवळच्या पोलिस ठाण्यात जा, लेखी अर्ज द्या आणि ती कशी, कधी आणायची हे त्यांनाच विचारा. दोन वर्षं उलटली आहेत, म्हणून सोबत वकील असलेला बरा. कायद्याने अशी बंदूक पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. पावती घ्या. तीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांचा आकडा दोन्ही हवेत.

पुढे काय करायचं ते सावकाश ठरवा. वारसाने परवाना मागायची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. अर्ज ऑनलाइन भरतात, निर्णय आपल्याकडे जिल्हाधिकारी देतात. ठेवायची नसेल तर परवानाधारक विक्रेत्याला विकता येते. दुसऱ्या परवानाधारक माणसाला विकायची तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलिस ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस थांबायचं. अर्थात विकणाऱ्याकडे आधी तिचा कायदेशीर ताबा हवा, आणि म्हणून जमा करणं पहिलं.

मुलीच्या रायफलीचा सल्ला मागितला आणि बाई सासऱ्यांच्या कपाटात शिरल्या, असं वाटलं असेल. पण दोन्ही गोष्टी एकाच धाग्यात आहेत. आपल्या कोल्हापूरची नेमबाजीतली मोठी नावं आठवा. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, विश्वविजेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारण्याच्या प्रकारात, कांस्य आणलं. तिघांचेही प्रकार .२२ बोअरचे. म्हणजे बारूद असलेल्या गोळीचे, परवाना लागणारे. तुमची मुलगी या वाटेवर टिकली तर काही वर्षांनी तिचाही अर्ज जाईल. त्या अर्जाची पोलिस पडताळणी तुमच्याच पत्त्यावर होणार. तेव्हा घरात बेवारस बाराबोर निघायला नको, आणि तिच्या हातातली पहिली रायफल कुठून आली याचा कागद नाही असंही व्हायला नको. मोबाईलवरच्या जाहिरातीकडे मी याच नजरेने बघते. १ लाख ४० हजार वाचतात की नाही हा हिशेब त्याच्या नंतरचा.

आता टेक्सासचे दीर. त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. तिकडे वेबसाइटवर बंदूक निवडता येते, पैसेही भरता येतात. पण दुसऱ्या राज्यातल्या दुकानाने पाठवलेलं पिस्तूल कुरियरवाला दारात ठेवून जात नाही. ते जातं गिऱ्हाइकाच्या गावातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे. गिऱ्हाईक तिथे स्वतः जातं, ओळखपत्र दाखवतं, ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म भरतं, त्याची पार्श्वभूमी तपासली जाते आणि मग बंदूक हातात पडते. विक्रेता या कामाचे पैसे घेतो. १९६३ साली अध्यक्ष केनेडींवर झाडलेली रायफल टपालाने मागवलेली होती; त्यानंतर १९६८ च्या कायद्याने परराज्यातून थेट घरी बंदूक मागवायची वाट बंद केली. म्हणजे दीर ज्याला ऑनलाइन म्हणतात त्याच्या शेवटी गावातला दुकानदार उभाच आहे. एअर रायफलीचं मात्र वेगळं. तिकडच्या केंद्रीय कायद्यात ती बंदूक धरलीच जात नाही, त्यामुळे ती घरी येत असेल. दिरांनी दोन्ही एकाच पिशवीत घातलंय.

आपल्याकडे एअर रायफलही शस्त्र कायद्याच्या व्याख्येत येते, कारण त्यात स्फोटकाबरोबर ‘इतर ऊर्जा’ हेही शब्द आहेत. पण २०१६ च्या नियमांनी ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या, म्हणजे .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलीला परवान्यातून सूट दिली आहे. दहा मीटरची स्पर्धेची रायफल या मर्यादेच्या निम्म्याच्याही आत असते. तेव्हा मुलीच्या रायफलीला परवाना लागणार नाही, निश्चिंत राहा. चांगला विक्रेता तरीही ओळखपत्र आणि फोटो मागतो, नंबर टाकून बिल देतो. यात कटकट वाटून घेऊ नका. पुढे हाच कागद तुमच्या उपयोगी पडणार आहे.

मग या जाहिरातीत चुकतंय कुठे? पहिली गोष्ट तुम्ही जोडलेल्या फोटोतच आहे. तो मी एका जुन्या प्रशिक्षकांना दाखवला. त्यांनी मोबाईलवर फोटो मोठा केला, लाकडी ग्रिपवरच्या अंगठ्याच्या खळग्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘पोरगी डावरी म्हणालात ना?’ ग्रिप उजव्या हाताची आहे. लोडिंगचा खटका उजव्या बाजूला. गालाचा टेकूही उजव्या गालासाठी वळवलेला. डाव्या हाताची ग्रिप वेगळी विकत मिळते, काही मॉडेलमध्ये खटक्याची बाजूही बदलता येते. पण तो खर्च धरल्यावर ‘स्वस्त’ किती उरतं ते बघा. आणि नवऱ्याने विकणाऱ्याला जे प्रश्न विचारले म्हणून तुम्ही लिहिलंय, त्यात हा प्रश्न नाही. मुलीच्या हाताचं माप कुणी घेतलंय का? तिचा डोळा कुठला चालतो? डावखुऱ्या मुलांचा नेमाचा डोळा नेहमी डावाच असतो असं नाही, हे प्रशिक्षक पाच मिनिटांत तपासून सांगतात. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा निम्म्या किमतीत मिळाला म्हणून आपण मुलीला लावत नाही.

दुसरी गोष्ट फोटोत नाहीच: सिलिंडरची तारीख. या रायफलींच्या हवेच्या सिलिंडरवर तारीख उठवलेली असते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सिलिंडरची वैधता जास्तीत जास्त दहा वर्षं आणि स्पर्धेत उपकरण तपासणीला ती बघितली जाऊ शकते. ‘दोन वर्षं वापरलेलं’ आणि ‘दोन वर्षांपूर्वी बनलेलं’ यात फरक आहे. जुन्या रायफली बाजारात स्वस्त का असतात याचं एक कारण हेच की सिलिंडर बदलायची वेळ आलेली असते. जुनी रायफल कुठूनही घ्या, नळीच्या खालचं सिलिंडर फिरवून ती तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

आणि तिसरी, मला सगळ्यात खटकलेली, ती ‘खेळाचं साहित्य’ ही चिठ्ठी. खेळाचंच तर साहित्य आहे, असं म्हणाल. मग तो ‘एअर रायफल’ असं सरळ का लिहीत नाही? कुरियर कंपन्या शस्त्राचं पार्सल सहसा घेत नाहीत आणि भरलेलं सिलिंडर विमानातून नेता येत नाही, म्हणून. पार्सल मध्येच अडकलं तर घेणारं नाव तुमचं. बिल नाही, विकणाऱ्याचा पत्ता नाही, हातात फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट. त्यातून रायफल निघालीच तर ही कथा. कित्येकदा पार्सलच निघत नाही. फोटो तिसऱ्याच कुणाचे, रायफल कुणाचीच नाही, आणि पैसे गेल्यावर ‘कस्टमवाले अडवतायत, आणखी वीस हजार पाठवा’ सुरू होतं. आगाऊ रक्कम दिली असेल आणि काही हलत नसेल, तर लाज न बाळगता १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब.

नवऱ्यांच्या हुनराबद्दल मला शंका नाही. ज्या उद्यमनगराने ऑइल इंजिनं घडवली तिथल्या माणसाला ‘तुम्हाला जमणार नाही’ असं सांगणाऱ्यातली मी नाही. पण या रायफलीच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असतो. त्याचा वॉशर लेथवर ‘तसाच’ कातून बसवायचा विचारही त्यांनी मनात आणू नये. ट्रिगरचं तेच. तो काही ग्रॅमवर सेट केलेला असतो आणि मुलीच्या बोटाला त्याची सवय झालेली असते. नळी, व्हॉल्व्ह, दाब यांत फेरफार करून ताकद वाढली तर रायफल परवान्याच्या सुटीतून बाहेर पडते, हे तर आणखी वेगळं लचांड. त्यांना हात चालवायचेच असतील तर रायफल स्टँड करू द्या. दोन शॉटच्या मध्ये रायफल टेकवायला लागतो, उंची कमीजास्त होणारा, वरच्या खाचेला फेल्ट लावलेला. बाजारात त्याचे उगाच पैसे मोजावे लागतात. प्रशिक्षकांकडून माप आणलं तर उद्यमनगरात तो एका दुपारचं काम आहे.

दुकानदाराचीही मी आरती ओवाळणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शस्त्रविक्रेत्यांचा धंदा बाराबोर, रिव्हॉल्व्हर, काडतुसं आणि जमा शस्त्रं यांवर चालतो. स्पर्धेच्या एअर रायफलीतलं त्यांना प्रशिक्षकांइतकं कळेलच असं नाही. अडीच लाख सांगितले तर फोड करून मागा. सिलिंडर एक की दोन? हवा भरायचा अडॅप्टर त्यात आहे का? नेम धरायची मागची-पुढची साइट, पेटी, मुलीच्या मापाची डावी ग्रिप? कर धरून की वेगळा? वॉरंटीचं काम कुठे होतं, किती दिवसांत? मग हेच प्रश्न मुंबई-पुण्याच्या किंवा दिल्लीच्या अधिकृत आयातदारांना विचारा. त्यातल्या काहींच्या वेबसाइट आहेत, ऑर्डरही तिथे घेतात. असं ऑनलाइन मला बिलकुल खटकत नाही. नंबर टाकलेलं बिल येतं, भांडायला पत्ता असतो. आयातदाराचा भाव घेऊन गावच्या दुकानदाराकडे परत जा, तो खाली येतो का बघा. आला तर त्याच्याकडूनच घ्या, चार पैसे जास्त लागले तरी. बाराबोर जमा करायला, उद्या .२२ च्या वेळी कागदांत काय कमी आहे ते सांगायला तोच जवळचा. या धंद्यातली ओळख ऐन वेळी जोडता येत नाही.

छर्रे, हातमोजे, बूट, डोळ्यांवरची पट्टी, टार्गेट हे खुशाल ऑनलाइन मागवा. छर्ऱ्यांचा एवढाच नियम की रायफलीला कुठला मानवतो ते आधी तपासून मग तोच घ्यायचा. जाकीट-पँट मात्र अंगावर घालून बघितल्याशिवाय नको.

जुनी रायफल घ्यायचीच नाही असं माझं म्हणणं नाही, उलट तेराव्या वर्षी तेच शहाणपणाचं. मुलगी अजून वाढणार, दोन वर्षांत माप बदलणार. पण जुनी घ्यावी ती रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, विकणाऱ्याला समोर उभं करून. मोठ्या गटात गेलेली, नवी रायफल घेतलेली मुलं आपली जुनी काढतात. आपल्या कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवर, राज्य स्पर्धेच्या वेळी, प्रशिक्षकांच्या कानावर या गोष्टी आधी येतात. तिथे घेण्यातला फायदा असा की प्रशिक्षक रायफल टेकूवर धरून पाच शॉट मारतात आणि पाचही एकाच भोकात जातात का ते बघतात. दहा मीटरवरच्या टार्गेटचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, छर्रा साडेचार मिलिमीटरचा. त्या खेळात ‘कंडिशन एक नंबर’ या शब्दाला काही किंमत नाही, भोकाला आहे. मूळ बिल, आयातीचा कागद, रायफलीचा नंबर, विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि साध्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. पैसे त्यानंतर.

आता तुमच्या पत्रातली घाई. ‘आत्ता नाही घेतली तर राज्य स्पर्धा हातची जाईल’ असं तुम्ही दोनदा लिहिलंय. हे प्रशिक्षक म्हणाले की घरात ठरलं? तुमच्याच पत्रात प्रशिक्षकांचं वाक्य आहे, ‘लागेल पुढे, घाई नाही.’ अडचण रायफल नसण्याची कमी आणि ती तिघांत फिरण्याची जास्त दिसते. त्याला स्वस्त उपाय आहे. तिन्ही पालकांनी मिळून क्लबला एक डावी ग्रिप घेऊन द्या. क्लबकडे बाजू बदलता येणारी रायफल असेल, तर मुलांना दुसरी डावी रायफल मिळाली. वेळा ठरवून घ्या, म्हणजे एकीचा सराव दुसरीची वाट बघण्यात जाणार नाही. तेवढ्या काळात नवी मागवायची की जुनी शोधायची ते शांतपणे ठरेल, आणि मुलीलाही विचारता येईल. तिचं मत पत्रात कुठेच नाही. डावखुऱ्या मुलांच्या वतीने सगळे आधी ठरवतात, मग त्यांना सांगतात, हे मी घरोघरी बघते.

नवऱ्यांशी बोलताना ‘फसवणूक’ हा शब्द आधी काढू नका. त्यांनी मुलीसाठी रात्र-रात्र मोबाईल धुंडाळलाय, तो शब्द त्यांना लागेल. विकणाऱ्याला दोन गोष्टी मागायला सांगा: सिलिंडरची तारीख आणि रायफलीचा नंबर दिसेल असा आत्ताचा व्हिडिओ, आणि मूळ बिल काढणाऱ्या दुकानाचं नाव. खरा माणूस असेल तर दुकानाकडून बिलाची प्रत निघेल आणि मग नवरा स्वतः जाऊन रायफल बघून येऊ शकतो. खोटा असेल तर तोच फोन बंद करेल. तुम्हाला वाद घालावा लागणार नाही.

रायफल घरी आली की ती आणि छर्रे वेगवेगळ्या कुलपात, किल्ली तुमच्याकडे. गणपतीत पै-पाहुण्यांची पोरं जमतात तेव्हा विशेष सांभाळा. इकडे तलवारीने केक कापणाऱ्यांवर गुन्हे दाखल होतात हे पोरांना माहीत असतं, पण ताईची रायफल खांद्यावर घेऊन रील काढायचा मोह आवरत नाही.

जाता जाता गगनबावडा आणि चंदगड भागातल्या वाचकांसाठी, कारण एअरगनचा विषय निघाला की त्यांची पत्रं येतातच: रानडुकरं आणि माकडं हाकलायला ऑनलाइन एअरगन मागवू का? नका मागवू. साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्याने रानडुक्कर मरत नाही, जखमी होऊन उलटं अंगावर येतं. आणि वन्यजीव संरक्षण कायद्याखालची केस तुमच्यावर होते, गव्याच्या बाबतीत तर फारच कडक. पीक गेलं असेल तर नुकसानभरपाईचा अर्ज वनविभागाकडे लगेच करा. पंचनामा होईपर्यंत शेत नांगरू नका. फोटो काढताना चिखलातले खुरांचे ठसे आणि गट नंबराची खूण एकाच फोटोत येतील असं बघा.